खग्रास सूर्यग्रहण : परभणीवरून गेलेली सावली

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर आणि वर्धा जिल्ह्यातील पुलगाव ही दोन गावे नकाशावर पट्टीने जोडली, तर ती रेघ परभणी जिल्ह्यातील पाथरी-मानवतच्या परिसरावरून जाते. २२ जानेवारी १८९८ रोजी, शनिवारी, पौष अमावास्येच्या दुपारी चंद्राची गडद छाया याच वाटेने सरकत गेली. अरबी समुद्रातून विजयदुर्गजवळ ती किनाऱ्याला लागली आणि सोलापूर, मराठवाडा, विदर्भ ओलांडून बिहारमधील बक्सरच्या दिशेने निघून गेली. छायापट्ट्याच्या मधोमध खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटे टिकली. परभणी शहर मध्यरेषेपासून अंदाजे वीस किलोमीटर बाजूला असले, तरी पट्ट्याच्या आत होते. गोदाकाठचे गंगाखेड मात्र पट्ट्याच्या दक्षिण कडेच्या आसपास येते.

एकाच ठिकाणी खग्रास सूर्यग्रहण पुन्हा दिसण्यास सरासरी सुमारे पावणेचारशे वर्षे लागतात. परभणीची पाळी आली, ती त्या शनिवारी.

या ग्रहणासाठी देशोदेशीचे खगोलशास्त्रज्ञ भारतात आले होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन जेऊरला उतरले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला यांनीही जेऊरलाच तळ ठोकला. त्यांचा सविस्तर अहवाल पुढे १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुलगावला न्यूएल आणि कॅप्टन हिल्स होते. त्याच्याच अलीकडे, वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी होती. तिच्यातील अॅनी माँडर यांनी लहानशा भिंगाच्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभाकिरीटाचा एक अतिदीर्घ झोत टिपला. मोठमोठ्या दुर्बिणींना जे साधले नाही ते या साध्या उपकरणाने साधले, ही बाब नमूद करण्याजोगी आहे.

ही स्थळे निवडण्यामागचे कारण आकाशात नव्हते, जमिनीवर होते. जेऊर, तळणी, पुलगाव ही रेल्वेची स्थानके. विजयदुर्ग हे बंदर. शेकडो मण वजनाची उपकरणे बैलगाडीने दूर नेणे जोखमीचे होते. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि मनमाड-हैदराबाद मीटरगेज मार्ग त्यानंतर, १९०० च्या सुमारास सुरू झाला. लोहमार्ग दोन-तीन वर्षे आधी आला असता, तर परभणीचे नावही कदाचित या ग्रहणाच्या अहवालांत आले असते. पाथरी-मानवतच्या शिवारातून ती दोन मिनिटे ज्यांनी पाहिली, त्यांची साक्ष मात्र त्या अहवालांत नाही.

तरीही त्यांनी काय पाहिले असेल, हे खग्रास ग्रहणाच्या ठरलेल्या क्रमावरून सांगता येते. पहिला तासभर विशेष काही जाणवत नाही. सूर्याचा मोठा भाग झाकला गेला की ऊन पांढुरके होते आणि सावल्यांच्या कडा धारदार होतात. लिंबाच्या झाडाखाली कवडशांच्या जागी शेकडो चंद्रकोरी पडतात. हवेत गारवा येतो, पाखरे घरट्यांकडे वळतात. शेवटच्या क्षणांत क्षितिजावरून अंधार चालून येतो. १८९८ मध्ये तो नैर्ऋत्येकडून, उभ्या ज्वारीवरून आला असणार. सूर्याचा अखेरचा ठिपका हिऱ्याच्या अंगठीसारखा चमकून विझतो. मग काळ्या बिंबाभोवती मोतिया रंगाचा प्रभाकिरीट उमलतो, ठळक ग्रह-तारे दिसतात आणि चहूबाजूंच्या क्षितिजावर एकाच वेळी संधिप्रकाश पसरतो. ९९ टक्के ग्रहणात यातले बहुतेक काहीच दिसत नाही. खग्रास आणि खंडग्रास यांतले अंतर एका टक्क्याचे नाही, हे ज्याने दोन्ही पाहिले तोच जाणतो.

विजयदुर्गबाबत येथे एक खुलासा आवश्यक आहे. किल्ल्यावरील ‘साहेबाचे कट्टे’ आणि हेलियमचा शोध यांची सांगड १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाशी घातली जाते. प्रत्यक्षात नॉर्मन लॉकयर १८६८ मध्ये इंग्लंडमध्येच होते. ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिले. लॉकयर विजयदुर्गला आले ते १८९८ मध्ये, ‘मेलपोमिन’ या युद्धनौकेवरील खलाशांना मदतीला घेऊन. आणि हेलियम त्याआधीच, १८९५ मध्ये, रॅमसे यांना पृथ्वीवर सापडला होता.

त्यानंतरची खग्रास ग्रहणे परभणीला हुलकावणी देत गेली. १६ फेब्रुवारी १९८० चा पट्टा दक्षिणेकडून, कारवार-रायचूरवरून गेला. वेधकाळ पाळण्याची रूढी आणि डोळे जाण्याची भीती यांमुळे त्या दुपारी अनेक शहरांतील रस्ते ओस पडले होते. लोकांनी घरात थांबावे म्हणून दूरदर्शनने चित्रपट दाखवला. पंधराच वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, त्याच दूरदर्शनने राजस्थानातून ग्रहणाचे थेट प्रक्षेपण केले. ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९ या दोन्ही ग्रहणांचे पट्टे परभणीच्या उत्तरेकडून गेले आणि दोन्ही वेळी पावसाळी ढगांनी पश्चिम भारतातील असंख्य निरीक्षकांची निराशा केली. जानेवारीचे निरभ्र आकाश १८९८ च्या पाहुण्यांना लाभले होते, तसे भाग्य यांच्या वाट्याला आले नाही.

ग्रहण पाहताना प्रमाणित ग्रहणचष्मा किंवा पुठ्ठ्याच्या सूक्ष्म छिद्रातून पडद्यावर पाडलेली प्रतिमा, हेच मार्ग सुरक्षित आहेत. काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म किंवा पाण्यातील प्रतिबिंब यांवर विसंबू नये. नुसत्या डोळ्यांनी पाहता येते ती केवळ खग्रास अवस्था, आणि सूर्याची कड पुन्हा डोकावताच नजर काढून घ्यावी लागते. २ ऑगस्ट २०२७ चे ग्रहण इजिप्तमधील लक्सरला खग्रास दिसेल. महाराष्ट्रात ते खंडग्रास असेल. भारतात खग्रास अवस्था पाहण्याची पुढील संधी २० मार्च २०३४ रोजी आहे. तिच्यासाठी मात्र परभणीकरांना काश्मीर-लडाख गाठावे लागेल.