सदसद्विवेकबुद्धीची जागल

रोमन सुभेदार फेलिक्स याच्यापुढें आरोपी म्हणून उभा असतांना प्रेषित पौलानें आपल्या बचावांत एक विलक्षण गोष्ट सांगितली. देव आणि मनुष्य या दोघांविषयींहि आपली सदसद्विवेकबुद्धि निर्दोष राहावी म्हणून आपण नित्य खटपट करीत असतों, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. मूळ ग्रीक क्रियापदांत मेहनतीचा, तालमीचा अर्थ आहे. ही बुद्धि एकदां लाभली कीं जन्माची लाभली, असें पौल मानीत नव्हता हें उघड आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रांत तर तापलेल्या लोखंडाच्या डागणीचा दृष्टांत आला आहे. डागलेल्या कातडीला वेदना होत नाहीं. आणि वेदना होत नाहीं म्हणून तें अंग निरोगी आहे, असें माणसाला वाटूं लागतें. या विकाराचें स्वरूप पाहावयाचें असेल तर अठराव्या शतकांतील दोन ख्रिस्ती माणसांच्या चरित्रांकडे वळावें. एक इंग्रज खलाशी जॉन न्यूटन, आणि दुसरा अमेरिकेंतील न्यू जर्सी वसाहतींतला शिंपी जॉन वूलमन.

न्यूटनचा जन्म १७२५ सालीं लंडनांत झाला. आई मोठी धर्मशील होती, पण मुलगा सात वर्षांचा होण्याच्या आंतच ती वारली. १७४४ सालीं त्याला सक्तीनें आरमारांत भरती करण्यांत आलें. तेथून तो पळाला, पकडला गेला, फटके खाऊन पुढें आफ्रिकेच्या पश्चिम किनार्‍यावर एका गुलामांच्या व्यापार्‍याच्या पदरीं जाऊन पडला. तेथें त्याचे इतके हाल झाले कीं त्याची स्वतःची स्थिति गुलामाहून फारशी निराळी नव्हती. १७४८ च्या मार्च महिन्यांत स्वदेशीं परततांना भयंकर वादळांत जहाज बुडूं लागलें, तेव्हां त्याच्या तोंडून प्रार्थनेचे शब्द निघाले. तो दिवस आपल्या नव्या जन्माचा दिवस म्हणून तो पुढें जन्मभर पाळीत असे.

आणि नेमकी येथेंच गोष्ट अवघड होते. कारण हा नवा जन्म झाल्यानंतर न्यूटन गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. १७५० ते १७५४ या काळांत त्यानें तीन सफरी केल्या. जहाजावर तो लॅटिन शिके, पत्नीला लांबलचक प्रेमळ पत्रें लिही, आणि रविवारीं खलाशांना जमवून उपासना चालवी. खालच्या मजल्यावर बेड्या घातलेलीं माणसें खेटून निजविलेलीं असत. त्यांतला कोणी मेला तर नोंदवहींत त्याचें नांव लिहिलें जात नसे, क्रमांक लिहिला जाई. १७५२ च्या डिसेंबरांत बंडाचा संशय आला, तेव्हां या भाविक कप्तानानें कांहीं मुलांना बेड्या घालून, कबुलीजबाबासाठीं त्यांचे आंगठे लोखंडी चापांत आवळविले, आणि तें रोजनिशींत शांतपणें टिपून ठेवलें.

त्याला ढोंगी म्हणणें सोपें आहे, परंतु तें खरें नव्हे. त्याची प्रार्थना मनापासूनची होती. ती धंद्यापर्यंत पोंचत नव्हती, इतकेंच. सारें लिव्हरपूल या व्यापाराला प्रतिष्ठित मानीत होतें. धर्मोपदेशक त्याविरुद्ध क्वचितच बोलत, आणि कायद्याची तर त्याला पूर्ण संमति होती. १७६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तांत न्यूटननें स्वतःच लिहून ठेवलें आहे कीं, त्या काळांत या धंद्याच्या योग्यतेबद्दल त्याला कधीं शंकाच आली नाहीं. तुरुंगाधिकार्‍यासारखें हें काम तेवढें नकोसें वाटे. हें नकोसेपण म्हणजेच आंतला आवाज होता, पण त्यानें त्याची गणना गैरसोयींत केली. त्यानें समुद्र सोडला तोहि विवेकानें नव्हे. १७५४ सालीं पुढच्या सफरीच्या तोंडावर त्याला अकस्मात् झटका आला आणि वैद्यांच्या सल्ल्यानें त्यानें कप्तानी सोडली.

त्याच १७५४ सालीं अटलांटिक महासागराच्या पलीकडे वूलमनचें गुलामगिरीविरुद्धचें पहिलें पुस्तक छापलें गेलें.

वूलमन हा १७२० सालीं जन्मलेला क्वेकर पंथाचा गृहस्थ. या पंथाच्या उपासनेंत पुरोहित नसतो. मंडळी निःशब्द बसतात आणि अंतरांतील प्रकाशाची वाट पाहतात. तरुणपणीं तो एका दुकानदाराकडे नोकरीस होता. एके दिवशीं मालकानें एक नीग्रो बाई विकली आणि वूलमनला विक्रीपत्र लिहावयास सांगितलें. गिर्‍हाईक समोर तिष्ठत होतें. आपण वर्षाच्या करारानें बांधलेले, सांगणारा धनी, आणि विकत घेणारा आपल्याच पंथाचा वृद्ध सभासद, असा विचार करून त्यानें तो कागद लिहिला. मन मात्र ऐकेना. हा व्यवहार ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे, असें त्यानें दोघांच्या तोंडावर सांगितलें, तरीहि बोलण्याऐवजीं लिहिण्याचेंच नाकारावयास हवें होतें ही टोंचणी त्याला लागून राहिली. पुढें पंथांतल्याच एका तरुणानें असाच कागद मागितला, तेव्हां त्यानें नकार दिला.

या टोंचणीचें त्यानें पुढें काय केलें, तेंच त्याच्या चरित्राचें मर्म आहे. ती शमवावी म्हणून त्यानें कसलीहि सबब शोधली नाहीं. मृत्युपत्रें लिहिण्याचें काम किफायतीचें होतें. पण ज्यांत गुलाम वारसांना देण्याचें कलम असेल तें मृत्युपत्र तो लिहीना. एका जखमी शेजार्‍याचें मृत्युपत्र त्यानें लिहून दिलें, मात्र दासीविषयींचें कलम वगळून. मग बिछान्याशीं बसून दोघांचें बोलणें झालें, आणि त्या माणसानें दासीला मुक्त करण्याचें कबूल केलें. पुढें दुकान भरभराटीस आलें, तेव्हां हा पसारा मनाला जड करतो म्हणून वूलमननें तें कमी केलें आणि सुईदोरा पत्करला. १७५७ सालीं दक्षिणेच्या प्रवासांत गुलामांच्या मालकांकडे उतरावें लागे. तेथें फुकट सेवा घेणें त्याला पटेना, म्हणून निघतांना तो चांदीचीं नाणीं ठेवी. कपडेहि तो बिनरंगी वापरूं लागला. हें सारें कांहींसें तर्‍हेवाईक वाटतें, आणि त्याच्या हयातींतहि पुष्कळांना तें तसेंच वाटे. पण ज्याला लहान बोंच चालते त्याला पुढें मोठीहि चालते, हें त्यानें ओळखलें होतें.

त्याची रीत भांडणाची नव्हती. १७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें गुलामांची खरेदीविक्री करणार्‍या सभासदांना पंथाच्या कारभारांतून दूर ठेवण्याचें ठरविलें आणि गुलाम बाळगणार्‍यांच्या घरीं जाऊन बोलण्यासाठीं मंडळी नेमली. तींत वूलमन होता. घरोघर, एकेका माणसाशीं बोलत हें काम चाललें. १७७६ सालीं गुलाम सोडावयास तयार नसलेल्यांना पंथांतूनच वगळण्याचा निर्णय झाला. तो पाहण्यास वूलमन राहिला नव्हता. १७७२ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडांतील यॉर्क येथें देवीच्या रोगानें त्याचा अंत झाला होता.

तरी त्याला निष्कलंक ठरविण्याची घाई करूं नये. पहिला कागद त्याच्याच हातचा होता, आणि त्या विकलेल्या बाईचें नांव त्याच्या रोजनिशींतहि सांपडत नाहीं.

इकडे न्यूटन १७६४ सालीं धर्मोपदेशक झाला होता. ओल्नी गांवीं त्यानें १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठीं रचलेलें कृपेचें स्तोत्र आज जगभर गाइलें जातें. आणि तें रचतांनाहि आपल्या जुन्या धंद्याविषयीं त्यानें जाहीरपणें कांहीं म्हटलें नव्हतें. १७८० पासून तो लंडनच्या सेंट मेरी वूलनॉथ या मंदिरांत उपदेश करूं लागला. १७८५ च्या डिसेंबरांत तरुण विल्बरफोर्स त्याच्याकडे गुपचूप सल्ला विचारावयास आला. राजकारण सोडूं नको, असें म्हातार्‍यानें त्याला सांगितलें. अखेर १७८८ सालीं, समुद्र सोडून चौतीस वर्षें झाल्यावर, न्यूटननें आफ्रिकेंतील गुलामांच्या व्यापारावर पुस्तिका लिहिली. आतां गप्प बसणें हाच गुन्हा होईल, असें त्याला वाटत होतें. रूढि आणि स्वार्थ यांनीं डोळे कसे झांकले गेले होते, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. पुढें सरकारी चौकशीपुढें त्यानें साक्ष दिली. या व्यापाराचे बचाव करणारे पुष्कळ होते. पण जहाजाचा तळमजला स्वतः भरलेला साक्षीदार खोटा पाडणें त्यांना जमणारें नव्हतें.

ब्रिटिश साम्राज्यांतील गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा २५ मार्च १८०७ रोजीं संमत झाला. न्यूटनची दृष्टि तोंवर गेली होती. त्याच वर्षीं २१ डिसेंबरला तो वारला. गुलामगिरी स्वतः मात्र वसाहतींतून उठविण्यास १८३३ चा कायदा यावा लागला.