खुतबा आणि श्रोत्यांचे मौन

दक्षिणेतील सुलतानशाहीच्या इतिहासात ‘खुतबा व सिक्का’ ही सार्वभौमत्वाची दोन चिन्हे म्हणून वारंवार उल्लेखिली जातात. इ. स. १६३६ मध्ये गोवळकोंड्याच्या कुत्बशहाने खुतब्यातून इराणच्या शहाचे नाव वगळून शाहजहानचे नाव घालण्याचे मान्य केले, हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा विवेचनात लक्ष बहुधा प्रवचनपीठावरून बोलणाऱ्याकडे असते. समोर बसून ऐकणाऱ्या समुदायाचा विचार क्वचितच होतो. वास्तविक श्रोत्यांना घातलेल्या निर्बंधांच्या घडणीतही धर्म व राजसत्ता यांच्या संबंधांचा इतिहास साठलेला आहे.

या निर्बंधांचा उगम मदिनेत सापडतो. कुराणाच्या ६२ व्या अध्यायात शुक्रवारच्या नमाजाची हाक येताच व्यापार सोडून ईश्वरस्मरणाकडे त्वरेने जाण्याची आज्ञा आहे. त्याच अध्यायाच्या अखेरीस, व्यापार अथवा करमणूक दिसताच पैगंबरांना उभे सोडून तिकडे धावणाऱ्यांना दोष दिलेला आहे. व्यापाऱ्यांचा तांडा गावात आला तेव्हा अवघे १२ जण मागे राहिले, असे हदीस-संग्रहात नमूद आहे. यावरून एकाग्र श्रवण ही आरंभी सहजप्रवृत्ती नसून समाजाला लावावी लागलेली शिस्त होती, असे दिसते.

हदीसांतील नियम या शिस्तीचे स्वरूप स्पष्ट करतात. खुतबा चालू असता शेजाऱ्यास गप्प राहण्यास सांगणे हेदेखील व्यर्थ भाषण मानले गेले. मशिदीच्या जमिनीवरील खड्यांशी चाळा करणेही निषिद्ध ठरले. उशिरा येऊन बसलेल्यांच्या मानांवरून पुढे जाणाऱ्यास पैगंबरांनी तेथेच बसविले. मात्र अवर्षणाने पीडित झालेल्या एका अरबाने खुतब्यातच उठून पावसासाठी प्रार्थना करण्याची विनंती केली, तेव्हा ती मान्य झाली. अर्थात निर्बंध होता तो आपसांतील बोलण्यावर. प्रवचनकर्त्याशी होणाऱ्या आवश्यक संवादावर नव्हे.

पुढे धर्मशास्त्रकारांत मतभेद झाले. खुतबा चालू असता आलेल्याने दोन रकात नमाज पढून बसावे, असे शाफई व हंबली पंथांचे मत. हनफी व मालिकी पंथांनी मात्र त्याने तत्काळ बसून ऐकावे असे ठरविले. मौन अनिवार्य होय, असे बहुतेक शास्त्रकार मानतात. इमाम शाफई यांच्या उत्तरकालीन मतानुसार ते केवळ इष्ट आहे.

तथापि खरा पेच राज्यकर्ते प्रवचनपीठावर चढून बोलू लागल्यावर उत्पन्न झाला. ईदचा खुतबा नमाजानंतर होत असे. मुआवियाच्या कारकीर्दीत (६६१–६८०) मदिनेचा अधिकारी असलेल्या मरवानाने तो नमाजापूर्वीच देण्यास आरंभ केला. पैगंबरांचे सहचर अबू सईद खुदरी यांनी त्याचे वस्त्र धरून त्यास रोखण्याचा यत्न केला. त्यावर, नमाज झाल्यावर लोक आपले ऐकण्यास थांबत नाहीत, असे कारण मरवानाने दिले. उठून जाणे हा श्रोत्यांच्या हाती असलेला मूक अभिप्राय होता आणि खुतब्याचा क्रम बदलून तोच त्यांच्याकडून काढून घेण्यात आला.

शुक्रवारचा खुतबा नमाजापूर्वीच होत असल्याने तेथे ती वाटही नव्हती. इराकचा कठोर शासक हज्जाज (६९४–७१४) खुतबा देत असता सईद बिन जुबैर, शाबी व नखई यांसारखे विद्वान आपसांत बोलत, असे हंबली पंडित इब्न कुदामा (मृत्यू १२२३) यांनी नोंदविले आहे. असले भाषण निमूटपणे ऐकण्याची आज्ञा आपणांस नाही, असे त्यांच्यापैकी काहींचे म्हणणे होते. सईद यांना पुढे हज्जाजाने देहदंड दिला. त्याचे कारण त्यांनी बंडात घेतलेला भाग हे होते. परंतु त्यांचे बोलणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नव्हता, हे त्यावरून ध्यानी येते.

स्पेनमधील इब्न हज्म (मृत्यू १०६४) यांनी हाच विचार नियमाच्या रूपात मांडला. ईश्वरस्मरण व विहित प्रार्थना यांहून वेगळे काही प्रवचनकर्त्याने खुतब्यात घातले, तर तेवढा वेळ बोलण्यास प्रत्यवाय नाही, असा त्यांचा निर्णय आहे. सारांश, मौनाचा नियम श्रोत्यास बांधतो हे खरे. परंतु ते मौन उपदेशासाठी आहे, उपदेशकाच्या अधिकारासाठी नव्हे, हा भेद या परंपरेतील काही विद्वानांनी प्रसंगी स्वतःला संकटात घालूनही राखला.