जेनोआ: नियमाच्या फटीत वाढलेले शीड

पावसाळा सरला की गेटवे ऑफ इंडियासमोरच्या पाण्यात शिडाच्या नावांच्या शर्यती सुरू होतात. १८४६ साली स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या जे/२४ नावा दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर निघाल्या की पुढचे मोठे शीड नीट पाहावे. ते डोलकाठीपाशी थांबत नाही. तिला ओलांडून मागच्या शिडाच्या अंगाअंगाने पुढे जाते. हेच जेनोआ. ते एवढे मोठे का झाले, याचे उत्तर वाऱ्याइतकेच नियमपुस्तकात आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘सिक्स मीटर’ वर्गाच्या नावा एका सूत्रात बसवून बांधल्या जात. लांबी वाढवली तर शीड कमी करावे लागे. पुढच्या शिडाचे कापड मात्र कोणी मोजत नसे. नाळ, डोलकाठी आणि पुढचा ताणदोर यांच्यात जो त्रिकोण होतो, त्याचेच क्षेत्रफळ धरले जाई. त्रिकोणाबाहेर गेलेले कापड हिशेबातच नव्हते.

स्वीडनचे जहाजमालक स्वेन सालेन यांनी नेमकी हीच फट हेरली. १९२६ साली इटलीतल्या जेनोआ शहरातील शर्यतीत त्यांनी आपल्या नावेवर डोलकाठीमागे जाणारे शीड चढवले, आणि त्या शहराचेच नाव शिडाला चिकटले. पुढच्याच वर्षी त्यांनी अमेरिकेत ‘मेबी’ या नावेवर स्कँडिनेव्हियन गोल्ड कप जिंकला, तेव्हा अटलांटिकपलीकडच्या खलाशांनीही ही युक्ती उचलली.

युक्ती कामाची का, याचे जुने उत्तर सोपे होते: दोन शिडांमधल्या फटीतून वारा जोरात धावतो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वायुगतिकीचे अभियंते आर्वेल जेंट्री यांनी हे उत्तर खोडून काढले. फटीत वारा उलट मंदावतो. मागच्या शिडामुळे पुढच्या शिडावरचा प्रवाह अधिक वळतो आणि त्याची ओढ वाढते. पुढच्या शिडामुळे मागच्या शिडावरचा प्रवाह सुटत नाही. दोन्ही शिडे मिळून एकच यंत्र होते.

मोठेपणाची किंमत वळताना मोजावी लागते. नाव वाऱ्यातून फिरली की जेनोआचा मागचा कोपरा डोलकाठीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला न्यावा लागतो. एकाने भरलेला दोर अचूक क्षणी सोडायचा, दुसऱ्याने पलीकडचा भराभर ओढायचा आणि शेवटचा ताण विंचवर, म्हणजे दोर गुंडाळून ताणणाऱ्या ढोलावर, घ्यायचा. अर्धा क्षण उशीर झाला तरी कापड डोलकाठीवर फडफडत राहते आणि वेग मरतो.

नियमकर्तेही स्वस्थ बसले नाहीत; त्यांनी या शिडाचे माप ठरवले. मागच्या कोपऱ्यापासून ताणदोरावर लंब टाकायचा आणि त्याला त्रिकोणाच्या पायाने भागायचे: पाया ३ मीटर आणि लंब ४.५ मीटर असेल तर शीड १५० टक्क्यांचे. १९७०च्या दशकात जगभर चाललेल्या आयओआर या शर्यतीच्या नियमात १५० टक्क्यांपर्यंत वेगळा भार नव्हता, त्यापुढे दंड होता. अमेरिकेतल्या क्लबांत चालणाऱ्या पीएचआरएफ या हँडिकॅप (वेळेच्या सवलतीच्या) पद्धतीत हा आकडा बहुतेक ठिकाणी १५५ असतो. एकेकाळी फुकट मिळालेले कापड अशा तऱ्हेने हिशेबात आले. रॉड जॉन्स्टन यांनी आखलेल्या जे/२४मध्येही १५० टक्क्यांचा जेनोआ आहे, आणि जोरदार वाऱ्यासाठी जिब हे लहान पुढचे शीड.

म्हणून क्लबच्या शर्यतीसाठी मोठे शीड घेणाऱ्याने शिवणाऱ्याकडे जाण्याआधी नियम उघडावा. वाढीव कापडापायी हँडिकॅपमध्ये किती सेकंद द्यावे लागतील ते पाहावे, मग आपल्या पाण्यातला वारा आठवावा. बहुतेक दुपारी वारा मंद असेल तर मोठे शीड तो भार फेडून देते. वारा चढता असेल तर तेच शीड नाव आडवी करते, सुकाणू ओढत राहावे लागते आणि दिलेले सेकंद वाया जातात. सालेन यांच्याकडून शिकायचे ते मोठ्या शिडाचे वेड नाही. आपल्या शर्यतीत काय मोजले जाते आणि काय नाही, हे आधी जाणून घेण्याची शिस्त आहे.