व्यसनाच्या संशोधनात रकाने कोण आखतो?

व्यसनावर संशोधन छापणाऱ्या नियतकालिकांचा इतिहास आपल्याकडे फारसा कुणी वाचत नाही. तो वाचला पाहिजे. प्रतिनिधित्वाचा प्रश्न तिथेही जुनाच आहे.

१८८४ साली लंडनमध्ये डॉ. नॉर्मन केर यांनी मद्यासक्तीच्या अभ्यासासाठी संस्था काढली. तिचे कामकाज छापून निघू लागले, तेच आजचे ‘ॲडिक्शन’ हे जगप्रसिद्ध नियतकालिक. दारुडा हा पापी नसून रोगी आहे, असे हे डॉक्टर सांगत होते. त्या काळात ते पुढचेच पाऊल होते, हे मान्य करू. पण रोग्याच्या वतीने बोलणार कोण? डॉक्टरच! १८९८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये मद्यपींसाठी सुधारगृहे निघाली. तिथे डांबलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, त्याही गरीब. त्यांच्याविषयी अहवाल लिहिले गेले. लिहिण्याचा अधिकार मात्र त्यांच्याकडे नव्हता.

पुढे याच नियतकालिकाचे नाव ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ॲडिक्शन’ झाले. १९९३ साली त्यातला ‘ब्रिटिश’ शब्द गेला. नाव जागतिक झाले, भाषा इंग्रजीच राहिली. २००१ साली व्यसनविषयक नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिच्या मार्गदर्शक ग्रंथात विकसनशील आणि इंग्रजी नसलेल्या देशांतील संशोधकांना सल्ला देणारे स्वतंत्र प्रकरण आहे. अडचण मान्य झाली, हे चांगलेच. पण दारात उभ्या असलेल्याला आत कसे यावे ते शिकवणे वेगळे आणि आतल्या खुर्च्या वाटून घेणे वेगळे.

हा प्रश्न आपल्या वस्तीपर्यंत येतो. व्यसनमुक्तीच्या कामात मला एक सफाई कामगार भेटले. घोट घेतल्याशिवाय गटारात उतरवतच नाही, असे ते म्हणाले. माझ्या हातातल्या प्रश्नावलीत ‘आठवड्यातून किती वेळा पिता?’ यासाठी रकाना होता. ज्या कामाला जातीने जुंपले, ते काम माणसाला बाटलीपर्यंत कसे नेते, यासाठी रकाना नव्हता. मग त्यांची नोंद झाली फक्त ‘रोज पिणारा’ अशी.

आपले दुःख दुसऱ्यांच्या पत्रांत नीट उमटत नाही, हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ काढले. शंभर वर्षांनंतर आपल्यात एम.ए., पीएच.डी. झालेले कितीतरी आहेत. लेखक, परीक्षक आणि संपादक मंडळ या तिन्ही ठिकाणी आपली माणसे किती, हे आता प्रत्येक नियतकालिकाला विचारले पाहिजे. आणि तोवर थांबून न राहता, तो राहिलेला रकाना आपणच आखून मराठीत लिहायला लागले पाहिजे.