बुलेट, क्रूझरला बाहेरचा एअर फिल्टर बसवताय? आधी फुफाटा बघा, मग आवाज

नळदुर्ग : बुलेट, मिटिऑर, अ‍ॅव्हेंजर अशा गाड्यांना कंपनीचा एअर फिल्टर काढून बाहेरचा बसवायची हौस तरुणांत वाढली आहे. पिकअप वाढतो, आवाज भारी येतो, असं सांगून हे फिल्टर विकले जातात. पण आपल्याकडची गाडी नुसती सोलापूर-हैदराबाद महामार्गावर पळत नाही. ती अणदूर, जळकोटकडच्या शिवारातल्या कच्च्या रस्त्यानेही जाते. सोयाबीनच्या मळणीत आणि उसाच्या वाहतुकीत तर नुसता फुफाटा असतो. त्यामुळे फिल्टर निवडताना धूळ किती अडते, हा पहिला प्रश्न.

फिल्टरचं काम काय?

३५० सीसीचं इंजिन ४ हजार आरपीएमला मिनिटाला २ हजार वेळा हवा ओढतं. पूर्ण थ्रॉटलला हा हिशोब मिनिटाला जवळपास ७०० लिटरवर जातो. या हवेतली बारीक माती आत गेली की ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरसारखी घासते. आधी रिंगा झिजतात, मग बोअर. गाडी ऑइल खाते, निळा धूर मारते आणि शेवटी इंजिन खोलावं लागतं. फिल्टरवर वाचवलेले पैसे तिथे कितीतरी पटीने जातात.

बाजारात काय मिळतं?

१) कागदी फिल्टर : बहुतेक गाड्यांना कंपनीकडून हाच येतो. बारीक धूळ चांगली अडवतो. धुता येत नाही, खराब झाला की बदलायचा.

२) कापडी (कॉटन) फिल्टर : तारेच्या जाळीत सुती कापडाचे थर असतात, त्यावर खास तेल लावतात. धुऊन पुन्हा वापरता येतो. के अँड एन, बीएमसी या त्यातल्या नावाजलेल्या कंपन्या. हवा मोकळी येते, पण तेल वाळलं की धूळ आत जाते. तेल जास्त झालं तर ते आत ओढलं जाऊन सेन्सर खराब होण्याची भीती.

३) फोमचा फिल्टर : हाही तेलावर चालतो. धुळीत चांगला टिकतो, पण वेळच्या वेळी धुऊन तेल लावावं लागतं. जुना झाला की स्पंज भुगा होतो.

४) उघडा कोन फिल्टर : एअर बॉक्स काढून थेट बसवतात. आवाज सगळ्यात जास्त याचाच. इंजिनची गरम हवा, धूळ, पावसाचं पाणी सगळं त्याच्यासमोर उघडं. पुलावर पाणी असताना गाडी घातली तर पाणी थेट इंजिनात जाऊन कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

पिकअप खरंच वाढतो का?

नुसत्या फिल्टरने पडणारा फरक फार थोडा असतो. एक भाग पेट्रोल जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत हवा वाढली आणि जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ होतं. गाडी तापते, झटके खाते, सायलेन्सरमधून फटफट आवाज येतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंजेक्शन असतं. तिथे ईसीयू पेट्रोल थोडंफार जुळवून घेतो, पण त्यालाही मर्यादा आहे.

कायदा काय सांगतो?

बॉक्समधला फिल्टर त्याच मापाच्या दुसऱ्या फिल्टरने बदलला तर आरसीवरची कुठलीही नोंद बदलत नाही. मात्र आवाज किंवा धूर मर्यादेबाहेर गेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरच्या पार्टमुळे झालेल्या बिघाडाचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारलेलं बरं.

मग घ्यायचा कोणता?

• रोज कच्च्या रस्त्याने जाणं असेल तर कंपनीचा कागदी फिल्टरच ठेवा. मॅन्युअलमध्ये दिलेल्या किलोमीटरच्या आधीच तपासा.
• बहुतेक चालवणं महामार्गावर असेल आणि तेल-धुण्याची सवय असेल तर बॉक्सच्या आत बसणारा कॉटन फिल्टर चालेल.
• उघडा कोन फिल्टर आपल्या भागात नकोच.
• गाडीचं मॉडेल आणि साल सांगूनच घ्या. कडेचं रबर चहूबाजूंनी घट्ट बसलं पाहिजे. फट राहिली तर महागडा फिल्टरही वाया.
• कागदी फिल्टरला हवा मारताना आतून बाहेर, कमी प्रेशरने मारा. जोरात मारली तर कागद फाटतो. कॉटन फिल्टर पेट्रोलने धुऊ नका.
• बसवल्यावर थोडी गाडी चालवून फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे इंजिनकडच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला माती लागली तर फिल्टर धूळ सोडतोय. तो लगेच काढा आणि जुना परत लावा. म्हणूनच कंपनीचा जुना फिल्टर फेकून देऊ नका.