पांगुळगाड्याची कुळकथा

‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाचे नावच मुळी एका खेळण्यावरून पडले आहे. चारुदत्ताच्या रोहसेनाला शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी हवी असते आणि दासी त्याच्या हाती मातीची गाडी देते. हे नाटक मराठी रंगभूमीवर आणणारे गोविंद बल्लाळ देवल बेळगावात मॅट्रिक झाले आणि इथेच शिक्षकही होते. म्हणून आमच्या शाळामास्तरांच्या जमातीला त्या गाडीबद्दल थोडी जास्तच आपुलकी! वसंतसेना आपले दागिने त्या गाडीत घालते, तेव्हा प्रेक्षक तिच्या औदार्याने गहिवरतात. माझ्यातला मास्तर मात्र गाडीकडे पाहत राहतो. मातीची असो वा सोन्याची, पोराला हवी असते ती ओढता येणारी वस्तू.

ही गाडी नाटकाहून फार जुनी आहे. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील उत्खननांत भाजक्या मातीच्या बैलगाड्या निघाल्या, मान हलणारे बैल निघाले आणि पोटात खडे घातलेले खुळखुळेही निघाले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या या खेळण्यांत दीड वर्षाच्या मुलाची गरज जवळजवळ पुरी होते. वर्ष ते दोन वर्षांच्या मुलाचे उद्योग तरी किती? ढकलणे, ओढणे, वाजवणे, आपटणे, भांड्यात घालणे आणि पुन्हा काढणे. त्याचे बोट अजून नाजूक कामाला तयार नसते, पण मनगट आणि दंड कामाला आसुसलेले असतात. आपण हाती घेतलेल्या वस्तूने आपल्याला काहीतरी उत्तर द्यावे, एवढीच त्याची मागणी.

माझी नात चौदा महिन्यांची असताना घरात बॅटरीवर गाणारे, दिवे लावणारे एक खेळणे आले. दोन दिवस तिने ते पाहिले. तिसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या डब्यापाशी जी बसली ती बसलीच. वाटी आत, वाटी बाहेर! आमच्या सूनबाईंचे शिक्षण कन्नड शाळेत झालेले; त्या खुळखुळ्याला ‘गिलकी’ म्हणतात. नातीला दोन्ही शब्द कळतात. सीमेवरच्या घरात शब्द दोन, खेळणे एकच.

या वयाचे खरे मानाचे खेळणे म्हणजे पांगुळगाडा. तीन चाके, उभी चौकट आणि धरायला आडवा दांडा, एवढाच पसारा. तो आपलाच, अशी आपली समजूत. पण १५०० सालाच्या आसपासच्या हिरोनिमस बॉशच्या एका चित्रात अशाच चालगाडीला धरून पाऊल टाकणारे उघडे मूल आहे आणि त्याच्या दुसऱ्या हातात चक्क भिरभिरे आहे! ते चित्र आज व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. सुतार कुठलाही असो, मुलाने त्याला एकच गोष्ट शिकवली असावी.

इथे एक भेद सांगितलाच पाहिजे. पांगुळगाड्यात मूल स्वतःच्या पायांवर उभे असते. तोल त्याचा, जोर त्याचा. बाजारात ‘वॉकर’ म्हणून मिळणाऱ्या झोळीच्या गोल गाडीत मूल बसवलेले असते आणि पायाच्या चवड्यांनी सुसाट सरकते. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट जिन्यावरून गडगडण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरवर बंदीच घातली. पांगुळगाडाही निर्धोक नव्हे. सारवलेल्या जमिनीवर त्याचे चाक अडखळत फिरे. गुळगुळीत फरशीवर हलका गाडा पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटते. त्याला थोडे वजन बांधावे आणि जवळ माणूस असावे.

वयानुसार खेळणे द्यावे, हा विचार शास्त्र म्हणून मांडला तो जर्मनीच्या फ्रेडरिक फ्रोबेलने. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने काम सुरू केले. त्याची मुलांसाठीची पहिली ‘देणगी’ म्हणजे लोकरीचे सहा रंगीत मऊ चेंडू. पुढे मारिया मॉन्टेसरी १९३९ साली मद्रासच्या अड्यारला आल्या. त्याआधीच भावनगरात गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोदक कामाला लागले होते. मॉन्टेसरीची साधने महाग; म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शिंपले, खडे, बिया, पाने हाताशी धरली. ही मोठीच गोष्ट होती. पण त्या बालवाडीतली मुले अडीच वर्षांपुढची. चिंचोके आणि शिंपले दीड वर्षाच्या मुलाच्या हाती पडले तर ते थेट तोंडात जातात. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याची कसोटी लावतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो बाद.

आपल्या भागाला खेळण्यांची तीन घराणी लाभली. घाटाखाली सावंतवाडीची चितारआळी, आपल्याच जिल्ह्यात गोकाक आणि दूर दक्षिणेला बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरचे चन्नपट्टण. गोकाकची आणि सावंतवाडीची रंगीत फळे फार देखणी, पण ती गौरीपुढच्या आरासीत शोभतात; चाटणाऱ्या मुलाच्या हाती ती देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. चन्नपट्टणचे काम लेथवरचे. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी धरायची, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात मुरते आणि मग पानाने घासून चकाकी आणायची. कोपरे गोल, जोड कमी. कड्यांचा मनोरा, ओढायची गाडी, मोठा खुळखुळा, हे सगळे या पद्धतीला सहज साधते.

मात्र लाखेच्या जागी रासायनिक रंग फासलेली नक्कलही त्याच दुकानात त्याच भावात मिळते. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले, पण नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा हातकामाच्या खेळण्यावर चिन्ह नसले तर ते खोटेच असे नाही आणि खरेच असेही नाही. मी पांढरे फडके ओले करून दुकानातच घासून पाहतो. रंग उतरला तर खेळणे परत. न उतरला तरी रंगात शिसे नाही असे सिद्ध होत नाही. म्हणून ‘रंग लाखेचा की डब्यातला?’ हा प्रश्न दुकानदाराला विचारतोच. खरा कारागीर असला तर तो लाखेची कांडी काढून समोर ठेवतो.