थिबा राजा गेल्यावर

इंग्रजांनी १८८५ साली ब्रह्मदेशातले मंडाले घेतले आणि तिथल्या थिबा राजाला पुढे रत्नागिरीत आणून ठेवले. त्याचा वाडा पाहायला आजही माणसे जातात. पण त्या हद्दपारीचा एक धागा इगतपुरीच्या विपश्यना केंद्रापर्यंत येतो, हे फारसे कोणी सांगत नाही. राजा गेला तसा भिक्खुसंघाचा राजाश्रयही गेला. आता धम्म राखायचा तर गृहस्थांनीच, हे ओळखून लेडी सयाडो या विद्वान भिक्खूंनी सोप्या ब्रह्मी भाषेत पुस्तिका लिहिल्या, गावोगावी अभिधम्माचे, म्हणजे बौद्ध तत्त्वविवेचनाचे, अभ्यासगट उभे केले आणि विपश्यना ध्यान संसारी माणसालाही जमते असे ठासून सांगितले. तोवर सामान्य बौद्धाचा धर्म म्हणजे मुख्यतः दान, शील आणि भिक्खूंची सेवा. ध्यान विहारांतही मोजकेच करत. पुढे सया तैजी हे शेतकरी आणि उ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल या परंपरेचे आचार्य झाले. उ बा खिन तर कचेरीतल्या कर्मचाऱ्यांनाही ध्यानाला बसवत. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ही पद्धत भारतात आणली, आणि त्यातूनच इगतपुरीचे केंद्र उभे राहिले.

म्हणजे धर्माची चौकट सैल करून ध्यान सर्वांपुढे ठेवण्याचे काम पाश्चात्त्यांनी सुरू केले नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी ध्यानवर्ग काढला, तेव्हा आशियात ही वाट मळलेली होती. पण मग विपश्यना म्हणजे ‘अडीच हजार वर्षांचे विज्ञान’ हा साधकांचा दावाही टिकत नाही. ध्यान शिकवणारे सतिपट्ठान सुत्त प्राचीन आहे, गुरुपरंपरा अखंड आहे, असे साधक म्हणतील. सुत्त प्राचीन आहेच. हिशेबनिसाने रजा काढून दहा दिवस मौनात बसणे मात्र विसाव्या शतकातले. साधकांचे ‘करून पाहा’ हे उत्तर अधिक वजनदार आहे, आणि अंधश्रद्धेपेक्षा ते केव्हाही बरे. तरी शिबिरात मौन असते, साधे जेवण असते, कामाची कटकट नसते. यांतल्या कशाने बरे वाटले हे एकट्याच्या अनुभवातून ठरत नाही, त्याला तुलना लागते. तशा ४७ चाचण्यांचा आढावा २०१४ साली निघाला. चिंता, नैराश्य आणि वेदना ध्यानाने काही प्रमाणात कमी होतात, पण औषधे वा व्यायामापेक्षा ते सरस ठरल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ध्यान कामाचे आहे, चमत्कार नव्हे, एवढेच यातून निघते.

महाराष्ट्रात तर बुद्धाकडे चिकित्सेने पाहण्याची दुसरी वाट गोएंका येण्याआधीच पडली होती. १९५६ साली नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी आपल्या बुद्धचरित्रात म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची कथा नाकारली. एकोणतिसाव्या वर्षापर्यंत त्याला यांतले काही दिसलेच नसेल, हे त्यांना पटेना. त्याऐवजी त्यांनी शाक्य आणि कोलीय या शेजारी गणांतला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाचे कारण म्हणून पुढे आणला. म्हणजे दुःखाला माणसांचे आपापसातले व्यवहारही कारण असतात. ध्यानाच्या चाचण्या मात्र एकेका माणसाची चिंताच मोजतात.